गाईच्या पोटातले सत्कार

आमच्या घरात सत्काराची वाटणी ठरलेली होती. शाल कपाटात, नारळ स्वयंपाकघरात आणि फुलं गोठ्यात. आमचे हे कुठल्या कार्यक्रमाला गेले आणि रिकाम्या हातानं परत आले, असं लग्न झाल्यापासून मला आठवत नाही. व्यायामशाळेचं उद्घाटन असो, कुणाचा मुलगा पोलीस भरतीत लागलेला असो, नाहीतर कुणाच्या बोअरला पाणी लागलेलं असो, स्टेजवर एक खुर्ची ह्यांची असायचीच. कार्यक्रम उरकला की हे गाडीतून उतरायचे, नारळ माझ्या हातात द्यायचे आणि हार किंवा बुके जसाच्या तसा गव्हाणीत टाकायचे. "लक्ष्मीच्या मुखी लागला, सार्थकी लागला," असं वर म्हणायचे.

यात त्यांची एकट्याची चूक नव्हती. आमचं गाव तळेगाव ढमढेऱ्याजवळ. रानात झेंडू, शेवंती आणि थोडा ऊस. फुलावर पोट असलेली माणसं फूल उकिरड्यावर टाकत नाहीत, पायाखाली येऊ देत नाहीत. गाईला घालतात. आमचाच झेंडू क्रेटमध्ये भरून पुण्याच्या बाजारात जायचा आणि ह्यांच्या गळ्यात पडून घरी यायचा. मधल्या प्रवासात त्याला तार, नायलॉनची दोरी, चमकी आणि प्लॅस्टिकचा कागद येऊन चिकटायचा, तेवढं कुणी लक्षात घेत नव्हतं. मी एकदोनदा बोलून पाहिलं की निदान कागद तरी काढत जा.

"जनावराला अक्कल असती," हे म्हणाले. "काय खायचं आन् काय न्हाई, त्याला बरोबर कळतं."

आमच्या घरात ज्याच्या अकलेवर ह्यांचा भरवसा होता असं ते एकच. 

गाय माझी होती. वडील गेल्यावर दौंडजवळच्या मळ्यातला गोठा आईनं मोडला. भाऊ रेल्वेत, त्याच्या ड्यूटीचा काही नेम नाही, धारा काढणार कोण? सगळी जनावरं गेली. एक कालवड तेवढी आईनं कुणाला दिली नाही. ती टेम्पोत चढवली, स्वतः ड्रायव्हरशेजारी बसली आणि थेट माझ्या दारात आली. दावं माझ्या हातात देताना म्हणाली, "हिला कुणाच्याबी हातचं खाऊ घालू नको." मग घोटभर चहा घेऊन त्याच टेम्पोनं परत गेली.

तेव्हापासून आईचा रोज संध्याकाळी फोन. माझी, जावयाची, नातवंडांची विचारपूस नंतर. पहिला प्रश्न एकच असायचा, "खाती का?" कोण, ते विचारायची गरज नव्हती. कालवडीची गाय झाली, व्याली, तिच्या वासराला शिंगं फुटायला लागली, तरी आईचा प्रश्न तोच. मला त्याचा कधी राग आला नाही. सासरी माझं म्हणावं असं फार काही नव्हतं. कपाटाच्या किल्ल्या आधी सासूबाईंच्या कमरेला होत्या, त्या गेल्यावर ह्यांच्या खिशात आल्या. गोठ्यात पाऊल टाकलं की मात्र मी दौंडला पोचलेली असायचे. तिथं मला कुणी काही विचारत नसे.

मग विकास सोसायटीची निवडणूक लागली. ह्यांचं पॅनेल निवडून आलं आणि हे चेअरमन झाले. पडलेल्या पॅनेलचे पुढारी म्हणजे माझे चुलत दीर, ह्यांचे सख्खे चुलतभाऊ. त्यांचा गोठा आणि आमचा गोठा यांच्यामध्ये एक बांध. निवडणुकीच्या काळात त्या बांधावरून साखरसुद्धा इकडची तिकडं गेली नाही.

मिरवणुकीला गुलाल होता, डीजे होता आणि जेसीबी होता. आमच्या भागात आता माणूस किती मोठा, हे त्याचा हार उचलायला काय लागतं त्यावर ठरतं. ह्यांचा हार जेसीबीच्या बकेटला टांगून चौकात आणला. आतून नायलॉनचा दोर, त्यावर बांधकामाची तार गुंडाळलेली, तारेवर झेंडू आणि मधूनमधून सोनेरी पट्ट्या. हे त्यात उभे राहिले तेव्हा बाहेरून फक्त फेटा दिसत होता. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू. नवरा चेअरमन झाल्याचा आनंद मला झाला होता.

एवढा हार रस्त्यावर टाकायचा कसा? तो पिकअपमध्ये घालून घरी आला. मी आत शे-दीडशे माणसांच्या चहात अडकलेली. कार्यकर्त्यांनी तो गोठ्यात नेऊन उतरवला. सकाळी जाऊन पाहिलं तर झेंडू एकही शिल्लक नव्हता. दोराचा आणि तारेचा सांगाडा पडला होता, तोही मला अपुरा वाटला. हे दात घासत गोठ्याशी आले, रिकामा सांगाडा बघून खूश झाले आणि म्हणाले, "बघ, हिलाबी आनंद झालाय."

पुढच्या काही दिवसांत ह्या आनंदित गाईनं वैरणीला तोंड लावणं सोडलं. पाठीची कमान करून उभी राहायची. पुढचे पाय फाकवायची. बसायला मागेना, आणि बसलीच तर कण्हायची. दूध आटलं. सगळ्यात वाईट म्हणजे तिचा रवंथ थांबला. गाय रवंथ करायची थांबली की गोठ्यात जी शांतता होते, ती ज्यानं ऐकली आहे त्याला सांगायला नको.

"खाती का?" आईनं फोनवर विचारलं.

"खाते," मी म्हणाले.

"मंग तुझा आवाज असा का?" एवढं विचारून आईनं फोन ठेवला.

इकडं आमच्या अंगणात रोगाचं निदान सुरू झालं होतं. चेअरमनची गाय आजारी पडली म्हणजे ती साधी आजारी पडलेली नसणार, यावर सगळ्या कार्यकर्त्यांचं एकमत होतं. कुणी म्हणालं विष घातलं. कुणी म्हणालं करणी आहे, आणि पुरावा म्हणून बांधावरचं एक लिंबू उचलून आणलं. ते आमच्याच लिंबोणीचं होतं, पण हे सांगायला मला कुणी बोलावलं नाही. करणारा कोण, यावर तर चर्चेचीही गरज नव्हती. सगळे बांधाच्या पलीकडं बघत होते. पोलीस स्टेशनला अर्ज द्यायचं ठरलं. त्यात नाव घालायचं की 'अज्ञात इसम' लिहायचं, यावर चहाच्या दोन फेऱ्या झाल्या. गाय तोवर तशीच उभी होती.

शेवटी मीच शिरूरच्या डॉक्टरांना फोन केला. अंगानं जाड, बोलायला कमी, गाईशी मऊ आणि माणसांशी कडक असे ते गृहस्थ. मोटारसायकल लावली आणि कुणाला रामराम न करता थेट गोठ्यात गेले. गाईच्या पाठीवर चिमटा घेऊन पाहिला. मग दोघांना एक वासा धरायला लावला, तो तिच्या पोटाखालून घालून हळूच वर उचलायला सांगितला. गाय अशी कण्हली की मी पुढं होऊन तिची मान धरली.

"काय खाते ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"मक्याची कुट्टी," हे म्हणाले. "पेंड. लसूणघास. काय कमी न्हाई तिला."

"आणि?"



"आणि सत्कार," मी म्हणाले.

डॉक्टर पहिल्यांदा माझ्याकडं वळले. मी त्यांना हार सांगितला, बुके सांगितले, कोपऱ्यात पडलेला तारेचा सांगाडा दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन फिरवून बघितला आणि हळूहळू मान हलवली. गाय काही चावून खात नाही, म्हणाले. आधी भराभर गिळते, मग निवांत बसून रवंथ करते. गिळताना तार तिला कळत नाही. तार जाऊन तिच्या चार पोटांतल्या पुढच्या, जाळीच्या पोटात बसते, आणि त्या पोटाच्या पुढं एका पातळ पडद्यापलीकडं काळीज असतं.

"तार पुढं सरकली की गाय गेली," डॉक्टर म्हणाले. "पोट फाडून काढावी लागेल. उद्या सकाळी दवाखान्यात आणा. तोवर काही खायला घालू नका. वाचेल असं मी लिहून देत नाही."

ह्यांचा चेहरा उतरला, पण चेअरमनपण उतरलं नव्हतं. "पुण्याचा मोठा सर्जन बोलवू का? माझी वरपर्यंत वळख हाय."

"ओळख गाईला सांगा," डॉक्टर म्हणाले आणि गाडीला किक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाय सोडून न्यायची तयारी चालू होती, तेवढ्यात आई आली. दौंडहून चौफुला, तिथून न्हावऱ्याची जीप, मग आणखी एक जीप. घरात न शिरता पिशवीसकट गोठ्यात गेली. गाईचे कान चाचपले, ते गार लागले असणार. बराच वेळ तिच्या मानेवर हात ठेवून उभी राहिली. हे समोर आले, वाकून पाया पडले. "मामी, तुम्ही कशाला तरास घेतला," म्हणाले.

"पाव्हणं," आई म्हणाली, "जगली तर मी न्हेणार. माझा गोठा रिकामाच हाय. दावंबी टांगलेलं हाय."

 दिलेली गाय सासू परत नेते, हे गावात कुणी ऐकलेलं नव्हतं. पॅनेल पडलं तर पाच वर्षांनी परत उभं राहता येतं, यातून उठायला काही सोयच नव्हती. ह्यांना अब्रूची पडली होती. आणि मला? गाय मेली तर गेली, जगली तर दौंडला गेली. गोठा दोन्हीकडून रिकामा होणार होता. आईला अडवायचं तरी कसं, तिचं चुकत कुठं होतं?

जनावरांच्या दवाखान्यासमोर लोखंडी पाइपांचा खोडा आहे. गाईला त्यात उभं केलं. अर्धं गाव जमलं, त्यात चुलत दीरही होते. ह्यांच्या माणसांनी त्यांना वाट दिली नाही, पण डॉक्टरांना राजकारण माहीत नव्हतं. अंगानं मजबूत म्हणून त्यांनी दिरांनाच पुढं ओढलं आणि शेपटी धरायला लावलं. ह्यांना वेसण दिली. चेअरमन पुढं, पडलेला उमेदवार मागं आणि मध्ये गाय, असं सर्वपक्षीय काम आमच्या गावानं त्याआधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी डाव्या कुशीवरचे केस भादरले, धुतलं, भूल दिली. गाय उभीच होती. ब्लेड फिरलं. कातडी, मग मांस, मग पोट. पोटाची कड बाहेर ओढून त्यांनी कातडीला टाचली आणि खांद्यापर्यंतचा हातमोजा घालून हात आत घातला. आंबट वाफ आली. काही माणसं मागं सरकली. आई सरकली नाही, ती गाईच्या डोळ्यासमोर उभी राहून तिच्याशी काहीतरी पुटपुटत होती.

आधी घमेली भरून भिजलेली कुट्टी निघाली. मग डॉक्टरांच्या मुठीत लाल चकचकीत कागद आला. तो मी ओळखला, गणपतीतल्या बक्षीस समारंभाचा बुके. मग शालीची प्लॅस्टिकची पिशवी. मग साटीनची फीत, कात्रीनं सरळ कापलेली. व्यायामशाळेचं उद्घाटन. तिच्यामागून सोनेरी पट्टी निघाली, अक्षरं विरघळली होती, 'हार्दिक' तेवढं वाचता येत होतं. मग नायलॉनच्या दोराचा नारळाएवढा गोळा, त्यात चमकी आणि तारेचे तुकडे गुंतलेले. ह्यांचं सगळं सार्वजनिक जीवन एकेक करून घमेल्यात पडत होतं. आधी मला हसू येत होतं. मग गोळा बघितला आणि हसू गेलं. एवढं सगळं पोटात घेऊन ही रोज मला दूध देत होती.

डॉक्टरांचा हात आता पुढं, जाळीच्या पोटात गेला. ते डोळे मिटून चाचपत होते. "काळजाचे ठोके लागतायत हाताला," म्हणाले. कुणी हललं नाही. बऱ्याच वेळानं हात बाहेर आला तेव्हा त्यात विळखा पडलेली तार होती, आणि तिला अडकलेला एक बिल्ला, कधीतरी ह्यांच्या छातीवरून हारात गुंतून आलेला. मागची टाचणी बोटभर लांब. डॉक्टरांनी तो बादलीत खळबळला, वरचं प्लॅस्टिक पुसलं आणि मोठ्यानं वाचलं.

"प्रमुख पाहुणे."

 ह्यांची नजर वेसणीवर खिळलेली. आई बोलली, तीही शांतपणे. "लई सत्कार झालं की, पाव्हणं."

"बरं झालं आमी पडलो," मागून दिरांचा आवाज आला. त्यांनी शेपटी सोडली नव्हती. "न्हाईतर आज आमची गाय हितं उभी असती."

मग मात्र लोकांना हसू आवरेना. अर्जाचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही.

टाके घालायच्या आधी डॉक्टरांनी एक लोहचुंबक आत सोडलं. एखादा तुकडा राहिला असेल तर तो जागेवर धरून ठेवील, म्हणाले. गाय घरी आली. पण रवंथ काही करेना. तो दिवस गेला, पुढचा निम्मा गेला. आई गोठ्यातच बसून होती. डॉक्टर फोनवर म्हणाले, चांगल्या गाईचा रवंथ हिच्या तोंडात घाला, पोट चालू होईल. आमच्या गोठ्यात हीच एक आणि तिचं वासरू. जवळची गाय बांधाच्या पलीकडची.

हे स्वतः बांधावर गेले. काय बोलणं झालं मला ठाऊक नाही, हातवारे तेवढे दिसले, आणि ह्यांचे हात नेहमीपेक्षा खाली होते. थोड्या वेळानं दीर आले. आपल्या गाईच्या तोंडातून काढलेला हिरवा घास त्यांनी मुठीत आणला होता. ज्याच्यावर विषाचा आळ घ्यायचा होता त्यानंच तो माझ्या गाईच्या जबड्यात सारला आणि तोंड दाबून धरलं.

संध्याकाळी आईनं मला हाक मारली नाही, नुसतं बोट ओठावर ठेवलं. गाईचा जबडा हलत होता. कुरकुर कुरकुर आवाज येत होता. मी तिथंच शेणात बसले आणि रडले. मला इतकं बरं लग्नात वाटलं नव्हतं, मुलं झाली तेव्हा वाटलं होतं.

आई दुसऱ्या दिवशी दौंडला गेली. जाताना म्हणाली, "टाके निघाले की टेम्पो घेऊन येते." विसरेल अशी बाई नाही ती.

टाके काढायच्या दिवशी कार्यकर्त्यांनी डॉक्टरांचा सत्कार ठेवला. आमच्याच अंगणात. शाल, श्रीफळ आणि शिक्रापूरहून आणलेला मोठा बुके. माणसं शिकत नाहीत असं मला वाटलं, पण चहा मीच केला. डॉक्टरांनी टाके काढले, हात धुतले, नारळ पिशवीत टाकला, शाल मोटारसायकलच्या सीटवर अंथरली. बुके तेवढा ह्यांच्या हातात दिला.

"हा तुम्ही सोडवा," म्हणाले, आणि गेले.

हे पायरीवर बसले. चष्मा लावला, पक्कड मागितली. कागद काढला, जाळी काढली, स्पंजाचा तुकडा काढला. एकेका देठाची तार उलगडत गेले. बोटाला रक्त आलं. निम्म्याहून जास्त फुलं कापडाची निघाली. सगळं काढून झालं तेव्हा हातात जरबेराची चार मलूल फुलं उरली होती. ती घेऊन हे गोठ्यात गेले, कार्यकर्ते मागोमाग. ह्यांनी फुलं पुढं केली. गाईनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. ह्यांनी त्या बाजूला जाऊन पुन्हा हात पुढं केला. तिनं पुन्हा तोंड फिरवलं. कार्यकर्ते मोबाइलमध्ये बघायला लागले आणि एकेक करून निघून गेले. हे हात पुढं करून तसेच उभे.

हे दृश्य बघायची माझी किती वर्षांची इच्छा होती. बघायला मिळालं तेव्हा मजा आली नाही. मला ह्यांची कीव आली, आणि कीव येण्यात मायाही होती. मी फुलं काढून घेतली आणि ह्यांच्या तळहातावर मूठभर कुट्टी ठेवली. गाईनं बराच वेळ हुंगलं. मग खरखरीत जिभेनं हात पुसून काढला.  चेअरमन झाल्यापासून त्यांनी भाषण न केलेला तो पहिला प्रसंग.

संध्याकाळी आईचा फोन आला.

"खाती का?"

"खाते."

"कुणाच्या हातचं?"

 "ह्यांच्या."

पलीकडं स्टेशनकडची एखादी गाडी ऐकू आली.

"आन् तारा?"

"पक्कड घेऊन बसले होते. बोट कापलंय."

आई मग म्हणाली, "हळद लाव त्यांच्या बोटाला. मी टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगते."